बंदी, सेन्सॉर आणि आपला बोलायचा हक्क: परत परत येणारे प्रश्न

एकांकिका करणारी पोरं, दिवाळी अंक काढणारे संपादक, गावात व्याख्यानमाला चालवणारे लोक आणि फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या म्हणून पोलिस स्टेशनातून फोन आलेले, असे सगळे मला साधारण तेच तेच प्रश्न पाठवतात, म्हणून एकदाच नीट बसून सगळं लिहून काढलंय. मी वकील नाही, केस खरंच अंगावर आली असेल तर आधी वकील गाठा. पण एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो कारण खाली ती बऱ्याचदा येणारे: कोणीही काहीही थांबवायला सांगितलं की ते लेखी मागा.

१. सेन्सॉरशिप म्हणजे नक्की काय? बंदी आणि सेन्सॉरशिप एकच ना?

नाही, थोडा फरक आहे आणि तो कळला की पुढचं सोपं जातं. लोकांपर्यंत पोचायच्या आधीच तपासून "हे काढा, ते बदला" म्हणणं ही पूर्व-सेन्सॉरशिप, सिनेमाचं सर्टिफिकेट आणि नाटकाची परवानगी यात येतात. बाहेर आल्यावर थांबवणं ही बंदी, म्हणजे पुस्तक जप्त करणं, साइट ब्लॉक करणं वगैरे. तिसरा प्रकार कुठल्याच कायद्यात लिहिलेला नाही पण सगळ्यात जास्त तोच चालतो, फोन येतो, "वातावरण तापलंय, जरा सांभाळून घ्या" असं कोणीतरी सांगतं, हॉलचं बुकिंग रद्द होतं, आणि कागदावर काहीच नसतं. माझ्याकडे येणारे बहुतेक प्रश्न या तिसऱ्या प्रकाराचेच असतात.

२. घटनेत अभिव्यक्ती स्वातंत्र्य आहे तर मग सरकार बंदी घालूच कशी शकतं?

कलम १९(१)(अ) नं बोलायचं स्वातंत्र्य दिलंय आणि लगेच १९(२) नं त्यावर "वाजवी निर्बंध" घालायची मुभा दिलीय. कारणं ठरलेली आहेत: देशाची सार्वभौमता आणि अखंडता, सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, कोर्टाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. बस, यादी इथे संपते. "लोकांना आवडलं नाही", "आमच्या नेत्याचा अपमान झाला", "आपल्या संस्कृतीत बसत नाही" यातलं काहीही त्या यादीत नाही.

सुव्यवस्थेचं कारण सुरुवातीला नव्हतंच. १९५० मध्ये मद्रास सरकारनं मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉसरोड्स' साप्ताहिकाला राज्यात बंदी केली, त्याचे संपादक रोमेश थापर थेट सुप्रीम कोर्टात गेले आणि जिंकले. त्यानंतर १९५१ च्या पहिल्याच घटनादुरुस्तीत सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्र संबंध आणि गुन्ह्याला चिथावणी ही कारणं घुसवली गेली. "वाजवी" हा शब्दही त्याच दुरुस्तीत आला, आणि गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षं आपल्या बाजूचे वकील त्याच शब्दाला धरून लढतायत.

३. हे सगळं आणीबाणीपासून सुरू झालं का?

खूप आधीपासून आहे. १८२३ मध्ये कंपनी सरकारनं वृत्तपत्रांना लायसन्स सक्तीचं केलं तेव्हा राममोहन रॉय यांनी निषेध म्हणून आपलं फारसी वृत्तपत्रच बंद केलं. १८७६ मध्ये नाट्यप्रयोगांचा कायदा आला, कारण कलकत्त्याच्या रंगभूमीवर इंग्रजांची खिल्ली उडायला लागली होती. १८७८ चा देशी भाषांतल्या वृत्तपत्रांचा कायदा तर फक्त आपल्या भाषांसाठी होता, इंग्रजीला सूट होती, म्हणून 'अमृत बझार पत्रिका' रातोरात इंग्रजी झाली. तो कायदा चारच वर्षं टिकला.

आपल्याकडचं मोठं नाव अर्थात टिळक. १८९७ मध्ये 'केसरी'तल्या मजकुरावरून राजद्रोहाची दीड वर्षाची शिक्षा, १९०८ मध्ये परत राजद्रोह आणि सहा वर्षं मंडाले. त्या निकालानंतर मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले होते, एका संपादकाच्या शिक्षेसाठी कामगारांनी मजुरी सोडली हे मला आजही फार मोठं वाटतं. शाळेत १९१६ ची केस शिकवत नाहीत, तेव्हा भाषणांवरून त्यांच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला होता आणि हायकोर्टात टिळक जिंकले. जिना त्यांचे वकील होते.

आणि 'कीचकवध'. खाडिलकरांचं १९०७ चं नाटक, वरून महाभारत, पण प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसायचा आणि द्रौपदीत देश. १९१० मध्ये बंदी आली. कागदावर एकही आक्षेपार्ह नाव नसताना.

४. नाटकाचं स्क्रिप्ट आधी तपासून घ्यावंच लागतं का? इतर राज्यांतही असंच आहे?

महाराष्ट्रात हो. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता द्यायची, सर्टिफिकेट घ्यायचं आणि मग प्रयोग. याचा आधार म्हणजे १९५१ चा पोलिस कायदा, कलम ३३, सार्वजनिक करमणुकीवर नियंत्रण ठेवायचे नियम करायची ताकद. म्हणजे नाटक हे कलेच्या नाही तर पोलिसांच्या कायद्याखाली येतं. बऱ्याच राज्यांत अशी संहिता तपासणी नाही, ज्या राज्याला आपण नाटकवेडं म्हणतो तिथेच ती आहे. अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये या पूर्व-तपासणीलाच मुंबई हायकोर्टात आव्हान दिलं. त्यांचा मुद्दा मला पूर्ण पटतो, काही बेकायदा असेल तर प्रयोगानंतर कारवाई करायला कायदे आहेतच (बघा प्रश्न ८ आणि ९), मग आधी वाचून का बघायचं?

एक स्वतःचं सांगतो. आमच्या एकांकिकेचं स्क्रिप्ट स्पर्धेच्या दोन दिवस आधी आयोजकांकडून परत आलं, एका वाक्याखाली पेन्सिलची रेघ, बाकी काही नाही, ना कारण ना सही. आम्ही घाबरून ते वाक्य काढून टाकलं. कोणाचा आक्षेप होता, कोणत्या नियमाखाली, काहीच विचारलं नाही. ते वाक्य अजून डोक्यात आहे आणि लेखी मागायचा माझा हट्ट तिथूनच सुरू झाला.

५. गिधाडे, सखाराम बाइंडर, घाशीराम यांच्या वेळी नक्की काय झालं? वेगवेगळं ऐकायला मिळतं.

तिन्ही तेंडुलकरांची आणि तिन्ही दोनतीन वर्षांच्या आत आली म्हणून लोक एकात एक मिसळतात. पण तिन्ही वेळा अडवणारे वेगळे होते.

'गिधाडे' १९७० मध्ये श्रीराम लागूंनी केलं. त्यात गर्भपात झालेल्या बाईच्या साडीवर लाल डाग दिसतो, त्या डागाला सेन्सॉरचा आक्षेप. नाटकवाल्यांनी डाग निळा केला आणि प्रयोगाआधी अनाउन्समेंट करून सांगितलं की हा डाग प्रेक्षकांनी लाल समजावा. नियम पाळला आणि जे दाखवायचं होतं ते प्रत्येकाच्या डोळ्यासमोर आणलं. मला वाटतं आधी ज्यांनी तो डाग नीट बघितलाही नसता त्यांनी सुद्धा तो त्या दिवशी बघितला असेल.

'सखाराम बाइंडर' १९७२, कमलाकर सारंग दिग्दर्शक, निळू फुले आणि लालन सारंग. थोडे प्रयोग झाले आणि परवानगी गेली, ढीगभर कट सुचवले गेले, आणि सारंग कट मान्य न करता हायकोर्टात गेले आणि जिंकले. कोर्टाबाहेरही त्रास सुरूच होता, संस्कृती बुडाली म्हणून आरडाओरडा, प्रयोगांना विरोध. पण कागदावर निकाल हातात होता म्हणून प्रयोग लावता आले.

'घाशीराम कोतवाल' चं उलटं. पुण्यात १६ डिसेंबर १९७२ ला पहिला प्रयोग, जब्बार पटेल दिग्दर्शक. सरकारनं बंदी घातलेली नव्हती, नाना फडणवीसांची आणि ब्राह्मण समाजाची बदनामी होते अशी ओरड झाली आणि १९ प्रयोगांनंतर ज्या संस्थेनं ते उभं केलं होतं तिनंच थांबवलं. मग कलाकार बाहेर पडले, थिएटर ॲकॅडमी काढली आणि १९७४ मध्ये नाटक परत सुरू केलं. १९८० मध्ये युरोपला न्यायचं ठरलं तेव्हा परत विरोध, हे परदेशात दाखवू नका म्हणून, कोर्टकचेरीही झाली, पण नाटक गेलं. आपलीच संस्था मागे हटली तर काय करायचं असं विचारणाऱ्यांना मी नेहमी घाशीरामचंच उदाहरण देतो.

६. आणीबाणीत वर्तमानपत्रांनी खरंच विरोध केला होता का, की सगळे गप्प होते?

बहुतेक गप्प होते, हे खरंय आणि मान्य केलं पाहिजे. २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीत वर्तमानपत्रांच्या प्रेसची वीजच तोडली, दुसऱ्या दिवशी पूर्व-सेन्सॉरशिप लागू. २८ जूनला 'इंडियन एक्सप्रेस'नं अग्रलेखाची जागा कोरी सोडली. साधारण त्याच वेळी मुंबईत 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या छोट्या जाहिरातींत एक निधनवार्ता छापून आली, वरवर बघता कुणा माणसाची, पण अक्षरं जोडून वाचली तर लोकशाही वारली, सत्याचा नवरा आणि स्वातंत्र्याचा बाप गेला असं. जाहिरात घेणाऱ्याच्या लक्षातच आलं नाही.

मराठीत सगळ्यात ताठ उभ्या राहिल्या त्या दुर्गाबाई भागवत. डिसेंबर १९७५, कऱ्हाडचं साहित्य संमेलन, त्या अध्यक्ष, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण म्हणजे केंद्रातले मंत्री, आणि त्या व्यासपीठावरून बाईंनी तुरुंगवासात आजारी पडलेल्या जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. पुढे त्यांना अटक झाली. मंत्र्यांशेजारी बसून हे करायला काय लागत असेल याचा विचार करा.

आणि कोर्टात जिंकलेली लढाईसुद्धा आहे, ती कमी लोकांना माहितीय. मिनू मसानी 'फ्रीडम फर्स्ट' नावाचं छोटंसं मासिक काढायचे, सेन्सॉरनं त्यातला मजकूर अडवला, ते मुंबई हायकोर्टात गेले. मूलभूत हक्क स्थगित, देशभर लोक तुरुंगात, आणि १९७६ मध्ये न्या. मादन आणि न्या. कानिया यांनी सांगितलं की सेन्सॉरलाही नियमाबाहेर जाता येत नाही, सरकारवर टीका आहे म्हणून मजकूर अडवता येत नाही. हे शक्य झालं कारण मसानींनी फोनवरचं ऐकून गप्प न बसता सेन्सॉरकडून नकार घेतला आणि तो कोर्टापुढे ठेवला. बाकी शेकडो संपादकांकडे दाखवायला काही नव्हतं.

७. पुस्तकावर बंदी कशी येते आणि ती उठवता येते का?

राज्य सरकारला भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम ९८ खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, म्हणजे सीआरपीसीचं ९५) पुस्तक जप्त घोषित करता येतं. पण आदेशात कारणं द्यावी लागतात, नुसतं कलमाचं नाव लिहून चालत नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९६१ मध्येच हरनाम दास केसमध्ये सांगितलंय. कलम ९९ खाली दोन महिन्यांत हायकोर्टात जाता येतं आणि तीन न्यायाधीशांचं पीठ ते ऐकतं. लेखकानंच जायला पाहिजे असंही नाही. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकावर २००४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बंदी घातली तेव्हा कोर्टात गेले ते संघराज रुपवते, आनंद पटवर्धन वगैरे मंडळी, लेखक नव्हे. २००७ मध्ये हायकोर्टानं बंदी उठवली आणि २०१० मध्ये सुप्रीम कोर्टानं ते कायम ठेवलं. पुस्तक चांगलं की वाईट यावर ती केस नव्हतीच, मला स्वतःला त्यातल्या काही विधानांचा रागच आला होता. सरकारनं बंदीसाठी जे कायदेशीर सिद्ध करायला हवं होतं ते केलं नाही, एवढाच मुद्दा. तोपर्यंत भांडारकर संस्थेत मोडतोड होऊन गेली होती, जुन्या हस्तलिखितांचं नुकसान झालं होतं, ते कोणताही निकाल भरून देत नाही.

परदेशी पुस्तकाचा दुसरा रस्ता म्हणजे कस्टम्स. सलमान रश्दींच्या 'द सॅटॅनिक व्हर्सेस' ची आयात ऑक्टोबर १९८८ मध्ये बंद केली. तीस वर्षं सगळे ती बंदी पाळत राहिले, मग २०१९ मध्ये एका वाचकानं दिल्ली हायकोर्टात अर्ज केला आणि सरकारी खात्यांना ती अधिसूचना सापडेचना! नोव्हेंबर २०२४ मध्ये कोर्टानं सांगितलं की ती अस्तित्वात नाही असंच धरावं लागेल. कागद दाखवा म्हणणारा एक माणूस यायला तीस वर्षं लागली.

८. अश्लील काय हे कोण ठरवतं?

शेवटी कोर्टच, आणि त्याची फूटपट्टी काळाप्रमाणे बदलत गेलीय. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकात लैंगिक प्रश्नांवर सरळ मराठीत लिहायचे, वाचकांच्या शंकांना उत्तरं द्यायचे, आणि त्या उत्तरांवरूनच खटला झाला. १९३४ मध्ये त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. केस हरले, २०० रुपये दंड झाला, पण कर्व्यांनी मासिक १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत चालू ठेवलं. एकट्यानं, तोट्यात.

पुढे चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा' वर खटला झाला, हायकोर्टानं दोषी ठरवलं पण १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सोडलं. २०१४ पासून सुप्रीम कोर्ट म्हणतं की संपूर्ण कृती बघा आणि आजच्या समाजाच्या नजरेतून बघा, एखादा शब्द किंवा एखादं चित्र सुटं काढून नाही.

आता अपवाद. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेच्या केसमध्ये २०१५ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ऐतिहासिक आदरणीय व्यक्तीच्या तोंडी अश्लील भाषा घातली तर कसोटी आणखी कडक लागते. मला हा निकाल चुकीचा वाटतो, कायद्यात मोठ्या माणसांसाठी वेगळं कलम नाहीये, पण आज निकाल तो आहे, तेव्हा महापुरुषांवर उपरोधिक लिहिणाऱ्यांनी तो लक्षात ठेवूनच लिहावं.

९. "भावना दुखावल्या" म्हणून कोणीही केस करू शकतं का?

तक्रार कोणीही करतं, गुन्हा सिद्ध होणं वेगळं. धार्मिक भावनांचं कलम म्हणजे भारतीय न्याय संहितेचं २९९ (जुनं २९५अ), आणि त्यात "जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं" हे शब्द आहेत. चुकून, अभ्यासातून, विनोदातून कोणाला वाईट वाटलं तर ते त्यात बसत नाही. दोन गटांत वैर वाढवण्याचं कलम १९६ (जुनं १५३अ). या दोन्हींत कोर्टात खटला चालवायला सरकारची आधी मंजुरी लागते, ती फाइलमध्ये आहे का हे तुमच्या वकिलाला पहिल्यांदा बघायला सांगा.

आणि मोजायचं कोणाच्या नजरेतून? याचं उत्तर नागपुरात दिलं गेलंय. १९४६ मध्ये नागपूर हायकोर्टाचे न्या. व्हिव्हियन बोस यांनी लिहिलं की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर, धीट माणसावर काय होईल ते बघायचं, प्रत्येक वाक्यात धोका शोधणाऱ्या दुबळ्या मनाच्या माणसावर नाही. तीच कसोटी सुप्रीम कोर्टानं मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढींच्या केसमध्ये, एका कवितेवरून झालेला गुन्हा रद्द करताना, परत वापरली.

१०. पोस्ट टाकली म्हणून पोलिसांचा फोन आलाय, "येऊन जा" म्हणतायत. काय करू?

हा प्रश्न महिन्यातून दोनतीनदा तरी येतोच. आधी, घाबरून पोस्ट डिलीट करायच्या अगोदर स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळेसकट, कारण नंतर तुम्ही नक्की काय लिहिलं होतं हे तुम्हालाच दाखवावं लागेल. मग विचारा, कोणतं कलम, एफआयआर झालाय का, नंबर काय, आणि लेखी नोटीस द्या. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात साधारणपणे थेट अटक न करता नागरी सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, म्हणजे चौकशीला हजर राहायची नोटीस द्यायची असते. नोटीस आली तर मात्र जा, टाळू नका, वकिलासोबत जा. तीन ते सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यात आधी प्राथमिक चौकशी करायची सोय कलम १७३(३) मध्ये आहे, आणि बोलण्या-लिहिण्याच्या केसमध्ये पोलिसांनी ती सहसा वापरावीच असं वरच्या प्रतापगढी निकालात सांगितलंय. त्या निकालाची प्रिंट सोबत ठेवा, मी सांगतोय ते ऐकून नाही पण ती प्रिंट बघून फरक पडतो.

कोणी ६६अ (आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराबद्दलचं आयटी कायद्याचं जुनं कलम) म्हणालं तर ते कलमच अस्तित्वात नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दलच्या एका फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली, एकीनं लिहिलं होतं आणि दुसरीनं फक्त लाइक केलं होतं, त्यातून श्रेया सिंघल ही केस उभी राहिली आणि २४ मार्च २०१५ ला ६६अ पूर्ण रद्द झालं. तरी त्यानंतर कित्येक वर्षं पोलिस त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवत होते, शेवटी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाला परत आदेश द्यावा लागला.

११. राजद्रोहाचं कलम गेलं ना आता?

नाव गेलं. ११ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टानं राजद्रोहाचं जुनं कलम १२४अ थांबवून ठेवलं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली, तिच्यात राजद्रोह हा शब्द नाही पण कलम १५२ आहे, देशाची एकता आणि सार्वभौमता धोक्यात आणणं, शिक्षा सात वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप. शब्द बरेच मोकळे आहेत, म्हणून काळजी वाटते. सरकारवर नुसती टीका म्हणजे देशद्रोह नाही, हे सुप्रीम कोर्टाचं १९६२ पासूनचं सूत्र इथेही लागू व्हायला हवं. व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना २०१२ मध्ये मुंबईत अटक झाली तेव्हाही हायकोर्टानं तेच सांगितलं होतं.

१२. पोलिस म्हणतात विरोध होईल, कार्यक्रम रद्द करा. त्यांचं ऐकावंच लागतं का?

तोंडी "सल्ला" हा आदेश नसतो. मनाई करायची असेल तर तसा लेखी आदेश काढावा लागतो (नागरी सुरक्षा संहितेचं कलम १६३, जुनं १४४) आणि त्याला आव्हान देता येतं. १९८९ च्या रंगराजन केसमध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय की विरोधक दंगा करतील म्हणून बोलणाऱ्याला गप्प करता येणार नाही, संरक्षण देणं सरकारचं काम आहे आणि ते जमत नाही ही सबब चालत नाही.

तमिळ लेखक पेरुमल मुरुगन यांना २०१५ मध्ये प्रशासनानं "शांतता बैठकीला" बोलावून माफी लिहून घेतली, मग त्यांनी आपल्यातला लेखक मेला असं जाहीर केलं. जुलै २०१६ मध्ये मद्रास हायकोर्टानं तो समझोता त्यांच्यावर बंधनकारक नाही असं सांगितलं आणि ते परत लिहायला लागले. म्हणून, असल्या बैठकीत दबावाखाली कशावरही सही करू नका. केली असेल तरी सगळं संपलं असं नाही.

पण प्रत्यक्ष जिवाला धोका असेल तर कार्यक्रम पुढे ढकलणाऱ्याला मी कधीच भित्रा म्हणणार नाही. दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी, गौरी लंकेश, २०१३ ते २०१७ या चार वर्षांत चार माणसं गोळ्या घालून मारली गेली. ढकला, पण नवी तारीख त्याच दिवशी जाहीर करा. १ जानेवारी १९८९ ला साहिबाबादजवळ पथनाट्य चालू असताना सफदर हाश्मींवर हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी ते गेले, आणि ४ जानेवारीला त्यांच्या ग्रुपनं, पत्नी मलयश्री यांच्यासकट, त्याच जागी जाऊन ते अर्धवट राहिलेलं नाटक पूर्ण केलं.

१३. सिनेमाला सर्टिफिकेट लागतं मग वेब सिरीजला का नाही?

थेटरात दाखवायच्या सिनेमाला १९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा लागतो आणि १९७० मध्ये के. ए. अब्बास यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं ही पूर्व-तपासणी वैध धरली. बोर्डाचा निर्णय पटला नाही तर आधी अपील ट्रिब्युनल होतं, ते २०२१ मध्ये बंद केलं, आता थेट हायकोर्ट, छोट्या निर्मात्याला हे परवडत नाही. ओटीटीला आधी सर्टिफिकेट नाही, २०२१ च्या आयटी नियमांत तक्रार निवारणाची व्यवस्था आहे. पण निर्माते घाबरून स्वतःच कापतात, तेव्हा परवानगी लागत नाही म्हणून स्वातंत्र्य आहे असं समजू नका.

१४. माझं अकाउंट किंवा पोस्ट "भारतात उपलब्ध नाही" दिसतेय. कारण कळेल का?

बहुतेक वेळा आयटी कायद्याचं ६९अ, म्हणजे सरकारनं मजकूर ब्लॉक करायला सांगायचं कलम. २००९ च्या नियमांत या आदेशांबद्दल गुप्तता पाळायची तरतूद आहे, म्हणून कंपनी फार तर "कायदेशीर विनंती आली" इतकंच सांगते. श्रेया सिंघल निकालात ६९अ वैध ठरलं, पण तिथेच म्हटलंय की कारणं लेखी हवीत म्हणजे आव्हान देता येईल. म्हणून कंपनी आणि मंत्रालय दोघांकडे आदेशाची प्रत मागा, नकार आला तर तो जपून ठेवा, हायकोर्टात रिट याचिका करताना तोच कामाला येतो. इंटरनेटच बंद केलं असेल तर तो आदेश प्रसिद्ध करायलाच लागतो, हे जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात आहे. सरकारबद्दलची कोणती माहिती खोटी हे सरकारनंच ठरवायचा जो नियम आणला होता, तो कुणाल कामरांच्या याचिकेवर मुंबई हायकोर्टानं सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

१५. खासगी संस्थेनं माझं भाषण रद्द केलं, ही पण सेन्सॉरशिपच ना?

नेहमीच्या अर्थानं हो, कायद्यानं सहसा नाही. मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध असतात. २०२३ च्या कौशल किशोर निकालात बहुमतानं कलम १९ खासगी व्यक्तींविरुद्धही वापरता येईल म्हटलंय, पण त्याच्या जोरावर आमंत्रण परत मिळेल अशी आशा ठेवू नका. अशा वेळी लोकांनीच बोलावं लागतं. २०१९ च्या यवतमाळ साहित्य संमेलनात नयनतारा सहगल यांचं उद्घाटनाचं आमंत्रण रद्द केलं, तेव्हा काही बायका त्यांचे मुखवटे घालून सभागृहात बसल्या आणि अनेकांनी संमेलनाला जायचंच नाकारलं. हॉल सरकारी किंवा नगरपालिकेचा असेल तर मात्र गोष्ट वेगळी, मग प्रश्न १२ लागू.

१६. बदनामीची नोटीस आलीय, लेख काढून टाकू का?

वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा आदेश नाही, लगेच काढायची सक्ती नसते. बदनामीत पोलिस थेट एफआयआर करू शकत नाहीत, मॅजिस्ट्रेटकडे तक्रार लागते. लिहिलेलं खरं असेल आणि लोकहिताचं असेल तर न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये तो अपवाद आहे, म्हणून कागदपत्रं आणि रेकॉर्डिंग जपा. अधिकाऱ्यांना आपल्या सरकारी कामाबद्दलचा मजकूर छापायच्या आधीच अडवता येत नाही, हे १९९४ च्या राजगोपाल केसपासून ठरलेलं आहे. चूक मात्र खरंच झाली असेल तर मोकळेपणानं दुरुस्ती छापा, त्यात कमीपणा नाही.

१७. मग 'मी नथुराम गोडसे बोलतोय' वर बंदी नको असंही तुम्ही म्हणणार का? आणि दंगल भडकवणाऱ्याला सुद्धा बोलू द्यायचं?

हा प्रश्न सहसा रागानं येतो आणि राग समजतो. प्रदीप दळवींचं ते नाटक १९९८ मध्ये सरकारनं थांबवलं, २००१ मध्ये हायकोर्टानं बंदी उठवली. मला ते नाटक पटत नाही, खुन्याला व्यासपीठ देतं असं वाटतं. पण बंदीच्या मी विरोधात होतो आणि आहे, कारण ज्या परवानगीच्या व्यवस्थेनं ते थांबवलं तिनंच सखारामही थांबवला होता, आणि सरकार बदललं की यादी बदलते. नाटकाला उत्तर म्हणून दुसरं नाटक लिहा, लेख लिहा, बाहेर शांतपणे फलक घेऊन उभे राहा, तो सुद्धा तुमचा तोच हक्क आहे.

दंगलीचं वेगळं. अमक्या वस्तीवर चालून जा, तमक्यांना मारा, हे मत नाही, चिथावणी आहे, १९(२) मध्ये ती आहेच आणि तिथे पोलिसांनी तक्रारीची वाट न बघता गुन्हा नोंदवायला पाहिजे. मधलं कठीण आहे हे मान्य, एखादं भाषण कोणाचं नाव न घेता वस्ती रिकामी करायला लावू शकतं. तेव्हा मी तीन गोष्टी बघतो: बोलणारा कोण आहे, समोर जमाव आहे का वाचक, आणि बोलणं आणि दगड यांच्यात किती वेळ आहे. कादंबरीचा वाचक घरी एकटा बसलेला असतो, चौकातल्या जमावाच्या हातात दगड असू शकतो. तुमच्याकडे अशी एखादी अवघड केस असेल तर भाषणाची पूर्ण क्लिप पाठवा, कापलेली नको, अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यावरून मी काहीच सांगत नाही.